आपलंच पाणी

सोसायटीचा वसुलीवाला आला तेव्हा भिवराबाई म्हशीखालचं शेण ओढत होती. त्यानं दारात मोटारसायकल लावली, बाईकडं बघितलं नाही, म्हशीकडं बघितलं. तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून कास पाहिली आणि मागच्या शिपायाला म्हणाला, "हीच. टाक नंबर." शिपायाकडं चुन्याचा डबा होता. त्यानं कुंचला बुडवून चांदरी म्हशीच्या मागच्या पुठ्ठ्यावर ढोबळ आकडा ओढला, बावन्न. चांदरीनं कातडं थरथरवलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली. भिवराबाईच्या हातातलं शेण हातातच राहिलं.

"सायेब, हे काय चाललंय?"

"जप्तीचा नंबर आहे, बाई. दसऱ्यापासून तुमच्या जोडकर्जाचा एकही हप्ता नाही. हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी टेम्पो घेऊन येतो. भरलेत तर म्हैस ठेवतो, नाही भरलेत तर चढवतो."

"आवो, हप्ता दुधातून कापतेत की आमचा. दर दहा दिवसाला पगार कापून हातात येतो."

"कोण देतं हातात?"

भिवराबाईनं हातातलं शेण पाटीत टाकलं. देणारी चंद्रभागा होती, कर्जातली तिची जोडीदारीण.

"आन् नंबर माझ्याच म्हशीवर कावून? कर्ज दोघींचं हाय, म्हशी दोन हायत."

"पहिलं नाव तुमचं आहे," वसुलीवाला म्हणाला. "तिकडंही जाऊ." पण मोटारसायकल त्यानं तिकडं वळवली नाही. चंद्रभागेचा नवरा उत्तरेश्वर पंचायतीच्या टँकरवाल्यांत ऊठबस करणारा माणूस होता, आणि असल्या माणसाचं घर वसुलीवाल्यांना नेहमी शेवटी सापडतं.

शेजारच्या दोघी बाया कुडावरून बघत होत्या. त्या आत जाईपर्यंत भिवराबाईनं दम धरला. मग लुगड्याच्या पदरानं तो आकडा पुसायला गेली. वरवरचा चुना पसरला, आकडा होता तसाच राहिला. धुवायला पाणी हवं होतं, आणि घरात होतं ते एक हंडाभर. त्यातलं प्यायला, त्यातलं भाकरीला, त्यातलंच म्हशीच्या तोंडाला लावायला. आकडा तसाच ठेवून तिनं शेणाची पाटी उचलली.

ही म्हैस म्हणजे भिवराबाईची कंबर होती. अकरा वर्षं ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. दिवाळी झाली की सटवा मुकादमाच्या ट्रकमध्ये चढायचं आणि पाडव्याला परत यायचं. थंडीत पहाटे उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना एकदा पाय घसरला, तेव्हापासून कमरेत कायमची कळ. वाकलं की उठता येत नाही, उठलं की वाकता येत नाही. म्हैस आली आणि ती घरी राहिली. नवरा पंडित एकटाच जातो, अर्धा कोयता म्हणून; नवराबायको मिळून टोळीत एक कोयता धरतात. अर्ध्या कोयत्याला आगाऊ उचल अर्धी आणि टोळीत किंमत त्याहून कमी, पण पंडितनं कधी तोंड वाकडं केलं नाही. म्हैस गेली की पुढच्या दिवाळीला पूर्ण कोयता. सटवा तर आतापासूनच पंडितच्या कानाशी लागलेला होता.

चंद्रभागा त्या अकरा वर्षांतली मैत्रीण. एकाच उसाच्या फडात, एकीच्या पाचटाच्या झोपडीला, कोपीला, लागून दुसरीची कोपी. चंद्रभागेला फडातच कळा सुरू झाल्या, तेव्हा भिवराबाईनं तिला उसाच्या आडोशाला घेतलं, चार बायांनी लुगडी धरली आणि भिवराबाईनं कोयता चुलीत तापवून नाळ कापली. तो पोरगा आता बारावीला होता. दोघींच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून सोसायटीनं एकीला दुसरी जामीन घेऊन दोन म्हशींचं एकच कर्ज दिलं. डेअरीत आणि सोसायटीच्या खात्यालाही दोघींचा मिळून एकच नंबर, बावन्न. डेअरी फाट्यावर, चंद्रभागेच्या घराला लागून. चंद्रभागेला सही येते, भिवराबाईला अंगठा. म्हणून भिवराबाई किटली चंद्रभागेच्या घरी नेऊन तिच्या क्यानमध्ये ओतायची, पुढचं चंद्रभागा बघायची. येताना भिवराबाईच्या डोक्यावर पाण्याचा हंडा असायचा, कारण दिवाळीपासून चंद्रभागेच्या अंगणात हजार लिटरची काळी टाकी होती.

त्याच दिवशी दुपारी, डेअरीत गर्दी नसेल अशा वेळी, ती फाट्यावर गेली. डेअरीचा सचिव अर्जुनराव टेबलावर डोकं टेकून पडला होता.

"अर्जुनभाऊ, बावन्नचं दूध बघा बरं किती झालं."

अर्जुनरावनं वही उघडायचीसुद्धा तसदी घेतली नाही. "बावन्नला दसऱ्यापासून थेंब न्हाई, वैनी."

"मग आमी रोज दोन टायमाला ओततो ते?"

त्यानं दाराकडं बघितलं. "हे बघा, क्यानवर कुणाचं नाव नसतंय. माणूस सांगल त्या नंबरला आमी मोजतो. उत्तरेश्वरचा एक्क्याऐंशी नंबर हाय. त्याची म्हैस एक, आन् दूध दोन म्हशींचं. आता त्यात कुणाचं येतंय ते मला ठाऊक न्हाई, आन् मला इचारू बी नका. चेअरमनच्या जीपमधी बसतो त्यो."

"बावन्नला दूध न्हाई, म्हंजी हप्ता कापायचा सवालच न्हाई," भिवराबाई म्हणाली.

"कापणार कशातून?"

"आन् हप्ता म्हनून चंद्रीनं कापून घेतलेले पैशे?"

"चारचौघांत त्या बाईनं म्हनू द्या, ह्यात भिवराचं दूध हाय म्हनून. मी आत्ता एक्क्याऐंशीचा पगार अडवून बावन्नला वळता करतो. पर म्हनू द्या तिला. माझ्या तोंडातनं जाणार न्हाई."

भिवराबाई बाहेर आली. चंद्रभागेच्या अंगणातली टाकी तिथून दिसत होती. उन्हात काळी चकाकत होती. ती टाकी आली त्या दिवशी भिवराबाईनंच तिला हळदकुंकू लावलं होतं. नारळ फोडला होता. पहिला हंडा भरून दिला तेव्हा चंद्रभागेच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. लक्ष्मी हायस गं माय, असं तोंडानं म्हटलं होतं, आणि गावभर सांगत फिरली होती की बाई असावी तर अशी, दुष्काळात कुणी घोटभर देत नाही आणि ही मला रोज हंडा देते. दिवाळीपासून ती स्वतःच्याच हप्त्याच्या पैशातून आलेल्या टाकीच्या पाण्यासाठी मिंधी झाली होती. तिच्या अंगाची लाही लाही झाली. चंद्रभागेच्या झिंज्या धरून फाट्यावर फरफटवावी असं वाटलं. पण झिंज्या धरून पैसे पडत नाहीत, हे अकरा वर्षांत मुकादमानं शिकवलं होतं.

संध्याकाळी ती नेहमीसारखी किटली घेऊन गेली. चंद्रभागा टाकीपाशी बसून भांडी विसळत होती. तिनं क्यान पुढं केला, भिवराबाईनं दूध ओतलं.

"चंद्रे, हप्ता कापतेत ना गं येवस्थित?"

चंद्रभागेचा हात क्षणभरसुद्धा थांबला नाही. "कापतेत की. लई कापतेत मेले. कावून गं?"

"काय न्हाई. मार्च अखेर हाय, इचारावं म्हनलं."

"तू कशाला जिवाला लावून घेतीस? मी हाय न्हवं. पोराच्या गळ्याची आण, एक हप्ता चुकू दिला न्हाई." असं म्हणून तिनं भिवराबाईचा हंडा तोटीखाली ठेवला. "घे. काठोकाठ भर. आपलंच हाय."

पोराच्या गळ्याची आण. ज्याची नाळ भिवराबाईच्या कोयत्यानं कापली त्या पोराची. भिवराबाईनं हंडा काठोकाठ भरला, डोक्यावर घेतला आणि घरी आली. वाटेत एक थेंब सांडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं धार काढली. चार लिटर भरलं. मग तिनं हंड्यावरचं फडकं काढलं, त्या हंड्यातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि किटलीत ओतलं. जन्मात तिनं दुधाला पाणी दाखवलं नव्हतं. दोघींनी पहिल्या दिवशी म्हशीच्या शेपटाला हात लावून तशी शपथच घेतली होती.  जेवढं पाणी घातलं तेवढं निर्भेळ दूध तिनं काढून पातेल्यात ठेवलं.

हंड्यातलं पाणी त्या दिवशी दुपारीच तळाला गेलं. सासू जानकीबाई ओसरीवर पडून होती. म्हातारीला उन्हाळ्यात दुसरं काही नको असायचं.

"भिवरे, पाणी दे गं."

भिवराबाईनं वाटीभर दूध नेऊन तोंडाशी धरलं.

"दूध नगं माय. घसा चिकट हुतो. पाणी दे."

"प्या, आत्याबाई. ह्यातच पाणी हाय म्हना."

म्हातारीनं दूध प्यायलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि पुन्हा पाणी मागितलं. भिवराबाई तोंड फिरवून बसली. तिचा स्वतःचा घसा कोरडा पडला होता, पण पोटात कुठंतरी गार वाटत होतं. हे गार वाटणं वाईट आहे हे तिला कळत होतं. तिनं ते वाटू दिलं.

दोन दिवसांनी चंद्रभागेनं तक्रार केली. "भिवरे, डिग्री लागंना झालीय गं दुधाला. दर कमी धरला अर्जुननं."

"उनाचा कडाका हाय. म्हशीला हिरवं कुठाय?"

"माझ्या म्हशीनं दगा दिला बग. पेंड वाढवते." आणि खरंच तिनं पेंडीचं पोतं आणलं. उधार आणलं की रोख, भिवराबाईनं विचारलं नाही, पण पोतं बघून तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं दीड तांब्या घातला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन. चंद्रभागेनं घरच्या थोरल्या सुनेवर संशय घेतला. सून चहासाठी दूध काढून वर पाणी टाकते म्हणून घरात मोठा कल्ला झाला, सुनेनं आदळआपट केली, दोन दिवस चूल रुसली. भिवराबाई किटली घेऊन गेली की चंद्रभागा सगळं तिलाच सांगायची, डोळ्याला पदर लावून. भिवराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवायची.

"तू घातलंस म्हनावं," चंद्रभागा एकदा रडता रडता हसली, "तर तुझ्या घरी पाणी कुठाय घालायला?"

"खरं हाय बाई," भिवराबाई म्हणाली, "आमच्या घरी पाणी कुठलं." आणि हंडा तोटीखाली लावला.

गुरुवारी डेअरीत वरचा साहेब यायचा होता, नमुने तपासायला. ही बातमी चंद्रभागेनंच दिली. म्हणाली, उद्या मी आमची धार स्वतः काढते, सून हात लावणार नाही. गुरुवारी पहाटे भिवराबाईनं दोन लिटर दूध किटलीत ठेवलं आणि दोन लिटर पाणी घातलं. निळसर रंग आला. झाकण लावून ती अंधार फिटायच्या आत निघाली, कारण उजेडात तो रंग दिसला असता. चंद्रभागेच्या अंगणात अजून दिवा नव्हता. तिनं स्वतःच्या हातानं क्यानमध्ये ओतलं, चंद्रभागेचं दूध आधीच त्यात होतं, आणि म्हणाली, "चल, आज मी बी येते डेअरीत. सायेबाला बगायचं."

डेअरीपुढं वीसेक माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी होती. साहेबानं खुर्ची बाहेर टाकली होती. डिग्री बघायची काचेची नळी प्रत्येकाच्या दुधात सोडायचा आणि बोलायचा, बरोबर, बरोबर. चंद्रभागेच्या क्यानमधलं दूध मापात घेतलं, नळी सोडली. नळी खाली गेली ती मानेपर्यंत गेली. साहेबानं काढून पुसली आणि पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

"कुणाचा नंबर?"

"एक्क्याऐंशी," अर्जुनराव वहीत बघत म्हणाला. "उत्तरेश्वर."

"चौथा हिस्सा पाणी आहे ह्यात. ओता बाहेर. फळ्यावर नाव लिहा."

शिपायानं क्यान उचलून रस्त्याच्या कडेला उपडा केला. फुफाट्यात दूध पसरलं, लगेच मुरलं, वर पांढरा डाग राहिला. रांगेतली माणसं त्या डागाकडं बघत राहिली. कुणीतरी मागून म्हणालं, टाकी झाली की मानूस दुधात बी टाकी वततंय, आणि दोघंतिघं हसले. अर्जुनरावनं खडू घेतला.

"थांबा," चंद्रभागा पुढं आली. तिचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "सायेब, माझं दूध मी सवता धार काढून आनलं. माझ्यात थेंब न्हाई पाण्याचा. ह्यात दुसऱ्याचं दूध हाय."

"दुसरं कुणाचं?"

 चंद्रभागेची नजर भिवराबाईवर गेली. भिवराबाई रांगेच्या कडेला रिकामी किटली हातात घेऊन उभी होती, अगदी शांत.

"सांग की, चंद्रे," भिवराबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझं दूध तर बावन्नला येतं. तूच सांगतीस. हप्ता कापतेत न्हवं त्यातनं? मग एक्क्याऐंशीत कुणाचं आलं?"

अर्जुनरावनं खडू खाली घेतला. त्यालाही उत्तर ऐकायचं होतं. साहेबाला काही कळलं नाही, तो घड्याळ बघत होता. 

एक शब्द. भिवराचं, एवढा एक शब्द चंद्रभागेनं म्हटला असता की फळ्यावर नाव लागलं नसतं आणि सहा महिन्यांची चोरी गावापुढं मांडली गेली असती. भिवराबाईनं आठ दिवस पाणी ओतून ही वाट बांधली होती. म्हण, चोरलं. किंवा म्हण, पाणी घातलं. तिसरं काही तिनं शिल्लक ठेवलं नव्हतं. चंद्रभागा हळूहळू वळली. तिनं अंगणातल्या टाकीकडं बघितलं, मग भिवराबाईच्या डोक्याकडं बघितलं, जिथं रोज दोन वेळा हंडा जायचा. तिला कळलं. कळलेलं भिवराबाईला स्पष्ट दिसलं.

"पाणी माझंच हाय, सायेब," चंद्रभागा म्हणाली. "लिवा नाव."

अर्जुनरावनं लिहिलं. एक्क्याऐंशी, उत्तरेश्वर, पाणी. तीन महिने नंबर बंद, चालू पगार जप्त. चंद्रभागा रिकामा क्यान उचलून कुणाकडं न बघता घरी गेली.

भिवराबाई घरी आली ती दात खात. नाव लागलं, हे खरं. सगळा फाटा आज तेच चघळणार होता. पण तिला हवा होता तो शब्द चंद्रभागेनं गिळला होता. स्वतःचं नाक कापून घेतलं, पण पैशाची वाट काही मोकळी केली नाही. चालू पगार गेला त्यात भिवराबाईच्या दुधाचाही गेला. सोमवार चार दिवसांवर होता आणि चांदरीच्या पुठ्ठ्यावरचा बावन्न तसाच होता. रात्रभर कमरेची कळ मस्तकात जात राहिली. पहाटेपर्यंत तिच्या एवढंच ध्यानात आलं होतं की चंद्रभागेनं तो शब्द गिळला म्हणजे आता तिला तो गिळलेलाच ठेवावा लागणार.

शुक्रवारी सकाळी तिनं किटली घेतली नाही. चांदरीचं दावं सोडलं आणि तिला घेऊन फाट्याला निघाली. सकाळच्या वेळी बायांची वर्दळ असते. हंडे घेतलेल्या चारपाच जणी टँकरची वाट बघत रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांच्यादेखत भिवराबाईनं म्हैस चंद्रभागेच्या अंगणात घातली, थेट टाकीपाशी. टाकीखालची सिमेंटची कुंडी पालथी होती, ती सरळ केली आणि तोटी पूर्ण सोडली.

पाण्याचा आवाज ऐकून चंद्रभागा बाहेर आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

चांदरीनं कुंडीत तोंड घातलं. डोळे मिटून, कान पाडून ती पीत होती. कुंडी भरून वाहायला लागली. पाणी अंगणातून रस्त्याकडं ओघळलं. बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीच्या तोंडून, काय गं हे, एवढंच निघालं.  घरी म्हातारी तांब्याभरासाठी तळमळत होती. पण तिनं तोटीला हात लावला नाही. तिनं नारळाचा काथ्या काढला, तोटीखाली भिजवला आणि चांदरीचा पुठ्ठा घासायला लागली.

"भिवरे," चंद्रभागा हलक्या आवाजात म्हणाली, "प्यायचं पाणी हाय ते."

"आपलंच हाय ना, चंद्रे?"

चंद्रभागेनं बायांकडं बघितलं. कुणाचं आपलं, असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं उघडावं लागलं असतं. घरातून उत्तरेश्वर ओरडला, "कोन सोडलंय पाणी?" चंद्रभागेनं मागं हात करून त्याला आतच थोपवला.

"रोज आनीन तिला," भिवराबाई घासत घासत म्हणाली. "दोन टायमाला. जशी किटली आनत होते तशी. तूच भरून घे म्हनायचीस. काठोकाठ."

काथ्याखाली चुना विरघळायला लागला. पाच गेला, दोनचा खालचा फराटा राहिला. पांढरं पाणी चांदरीच्या पायावरून ओघळलं. टाकीच्या पोटातला आवाज बदलला, पोकळ व्हायला लागला. चंद्रभागा तो आवाज ऐकत होती. मग ती आत गेली, आत दोघांची हलक्या आवाजात हमरीतुमरी झाली, आणि ती पुन्हा बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात बोरमाळ नव्हती. ती मुठीत होती.

"सोमवारी सोसायटीत भरते," ती अगदी जवळ येऊन म्हणाली. "दसऱ्यापासूनचं समदं. पावती तुझ्या हातात देते. आता तोटी बंद कर."

भिवराबाईनं दोनचा फराटा घासून काढला. कातडं काळंभोर झालं. तिनं काथ्या पिळून खांद्यावर टाकला, कमरेला हात लावून सरळ झाली आणि चंद्रभागेकडं बघितलं. ह्याच तोंडावरून तिनं फडात घाम पुसला होता.

"भर की सोमवारी," ती म्हणाली. "आज शुक्रवार हाय."

आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ती टाकी रिकामी होईपर्यंत तिथंच उभी राहिली.